कागदांची उलटतपासणी

इ. स. १८२० ते १९२० या शंभर वर्षांत सुमारे ५५ लाख जर्मन स्त्रीपुरुष अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाऊन राहिले. त्यापूर्वी, वसाहतींच्या काळात गेलेले निराळेच. त्यांत जमिनीच्या तुकड्यावर पोट न भरणारे शेतकरी होते, धर्ममतासाठी छळ सोसलेले मेनोनाइट होते, १८४८ ची क्रांती फसल्यावर देश सोडावा लागलेले विद्वान होते, आणि सक्तीची लष्करी चाकरी टाळू पाहणारे तरुणही होते. त्यांचे वंशज आज आपल्या मूळ गावाचा शोध घेऊ लागतात, तेव्हा कागदांचा तुटवडा ही त्यांची पहिली तक्रार क्वचितच असते. चर्चमधील बाप्तिस्म्याची वही, जहाजावरील उतारूंची यादी, शिरगणतीचे तक्ते, नागरिकत्वाचे अर्ज, थडग्यावरील अक्षरे, घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या तारखा असे पुष्कळ साहित्य हाती येते. अडचण उद्भवते ती या कागदांत एकवाक्यता नसल्यामुळे. एका कागदात मनुष्य प्रशियाचा असतो, दुसऱ्यात हानोव्हरचा. एका ठिकाणी त्याचे वय चोवीस असते, दुसऱ्या ठिकाणी सत्तावीस. आडनावाचे तर दर कागदागणिक नवे रूप.

अशा वेळी दोन मोह होतात. पहिला मोह बहुमताचा : तीन कागद एक सांगतात व एक कागद दुसरे सांगतो, तर तिघांचे खरे मानावे. दुसरा मोह अभिमानाचा : जे वाचून घराण्याची प्रतिष्ठा वाढेल ते स्वीकारावे आणि बाकीचे लेखनिकाची चूक म्हणून सोडून द्यावे. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. कागद हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदारांची डोकी मोजून निकाल देता येत नाही. त्यांची उलटतपासणी करावी लागते. ही नोंद कोणी केली, केव्हा केली, त्याला ही माहिती कोठून मिळाली, आणि खरे सांगण्यात किंवा लपवण्यात त्याचा काही हेतू होता काय, हे चार प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावे लागतात. मराठी वाचकाला ही पद्धत अपरिचित नाही. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीविषयी बखरींतून चालत आलेली शके १५४९ ची तिथी प्रचलित असता, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आढळली. त्या एका नोंदीच्या बाजूस पुढे ‘शिवभारता’सारखी समकालीन साक्ष उभी राहिली. बखरींची संख्या अधिक होती. पण संख्येपेक्षा नोंद घटनेच्या किती जवळची आहे आणि दुसऱ्या स्वतंत्र साक्षीशी ती जुळते किंवा नाही, यावर तिचे वजन ठरले. जर्मन पूर्वजांच्या शोधातही हाच तराजू वापरावा लागतो.

पहिला विरोध तारखांचा. यांतील पुष्कळ विरोध केवळ भासमान असतात. जर्मनीतील कॅथलिक संस्थानांनी पोप ग्रेगरी यांचे सुधारलेले पंचांग बहुतांशी १५८३ च्या सुमारास स्वीकारले. प्रॉटेस्टंट संस्थानांनी ते १७०० पर्यंत लांबणीवर टाकले. त्या वर्षी १८ फेब्रुवारीनंतरचा दिवस १ मार्च मानण्यात आला. इंग्लंड व त्याच्या अमेरिकेतील वसाहती यांनी १७५२ साली, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर धरून, हाच बदल केला. त्यापूर्वी इंग्रजी कायद्याप्रमाणे नवे वर्ष १ जानेवारीस न लागता २५ मार्चला लागे. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातील एखाद्या कागदावर फेब्रुवारी १७४० असे लिहिले असेल, तर आजच्या गणनेने ते १७४१ असण्याचा पुष्कळ संभव असतो. क्वेकर पंथीय लोक महिन्यांची नावे न लिहिता क्रमांक लिहीत. १७५२ पूर्वी त्यांचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर फ्रेंचांची सत्ता आल्यावर तेथील नोंदी काही वर्षे क्रांतिकारक पंचांगाप्रमाणे व फ्रेंच भाषेत झाल्या. १८०५ अखेर ते पंचांग बंद झाले. शुहूर सन, फसली सन, राज्याभिषेक शक व इसवी सन यांचा मेळ घालून मराठ्यांच्या इतिहासाचे कागद वाचणाऱ्यास या गोंधळाचे स्वरूप सांगण्याची आवश्यकता नाही. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून उतरवून घेतल्यामुळेही दोनचार दिवसांचा फरक पडतो. असे विरोध पंचांग समजताच नाहीसे होतात, व दोन्ही कागद खरे ठरतात.

दुसरा विरोध नावांचा. अठराव्या शतकातील जर्मन प्रॉटेस्टंट कुटुंबांत एकाच आईबापाच्या चार मुलांची पहिली नावे योहान असू शकत. योहान हे जणू बाप्तिस्म्याचे सामायिक नाव. मुलाला हाक मारीत ती दुसऱ्या नावाने, पेटर किंवा गेओर्ग अशी. स्त्रियांच्या आडनावाला ‘इन’ हा प्रत्यय लागे. मुलरची कन्या किंवा पत्नी वहीत ‘मुलरिन’ होई. कॅथलिक पाद्री लॅटिनमध्ये लिहीत व हाइनरिखचा ‘हेन्रिकुस’ करीत. फ्रेंच अमदानीत तोच माणूस ‘आन्री’ झाला, आणि अमेरिकेत पोचल्यावर ‘हेन्री’. एकाच माणसाची ही चार नावे चार माणसांची समजून वंशावळी लिहिल्या गेल्या आहेत. आडनावांची गतही तशीच. हूबरचा हूवर झाला, झिमरमानचा कार्पेंटर झाला, श्वार्त्सचा ब्लॅक झाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचा पूर्वज हूबर या नावानेच १७३८ साली फिलाडेल्फियास उतरला होता.

वेस्टफालिया व ओस्नाब्रुक या भागांत तर आडनाव माणसाचे नसून शेतवाडीचे असे. वाडीची वारस असलेल्या मुलीशी विवाह करून जो पुरुष त्या घरी राहावयास येई, तो त्या वाडीचे नाव धारण करी. त्याचे मूळ नाव वहीत कधी मागे, कधी पुढे, ‘गेनांट’ म्हणजे ‘उर्फ’ या शब्दाने जोडलेले आढळते. कधी मुळीच आढळत नाही. अशा घरातील दोन सख्खे भाऊ अमेरिकेत गेल्यावर एकाने बापाचे मूळ नाव घेतले व दुसऱ्याने वाडीचे, असेही घडले. महाराष्ट्रातील एखादे घराणे वतनामुळे पाटील म्हणून ओळखले जावे व त्याचे मूळ आडनाव केवळ जुन्या कागदांत राहावे, त्यातलाच हा प्रकार.

इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर आमच्या आजोबांचे नाव बदलले, ही कथा अमेरिकेतील शेकडो घरांत सांगितली जाते. ते ठाणे १ जानेवारी १८९२ रोजी उघडले. तेथील अधिकारी नवीन नावे लिहीत नसत. युरोपातील बंदरात जहाज कंपनीने तयार केलेल्या यादीवरून ते माणसांची तपासणी करीत. नावे बदलली ती बहुधा पुढे, शेजाऱ्यांच्या तोंडी, शाळेच्या पटावर, दुकानाच्या पाटीवर, आणि पुष्कळदा त्या माणसाच्या स्वतःच्या इच्छेने.

जहाजांच्या यादीविषयी अधिक खोलात जाणे उपयुक्त ठरेल. कारण एकाच घटनेच्या अनेक नोंदी कशा वेगळ्या होतात याचे ते उत्तम उदाहरण आहे. जर्मनांची वाढती आवक पाहून पेनसिल्व्हेनियाच्या वसाहतीने १७२७ साली असा नियम केला, की सोळा वर्षांवरील प्रत्येक परकीय पुरुषाने फिलाडेल्फियास उतरताच इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी. यामुळे काही जहाजांच्या तीन तीन याद्या झाल्या : एक कप्तानाने दिलेली, दुसरी राजनिष्ठेच्या शपथेची, तिसरी राजाच्या प्रतिस्पर्ध्याचा हक्क नाकारण्याच्या शपथेची. कप्तानाची यादी इंग्रजी कानांनी ऐकलेली. पॅलेटिनेटमधील माणूस ‘ब’ व ‘प’, ‘ग’ व ‘क’, ‘द’ व ‘त’ यांच्या उच्चारात फारसा भेद करीत नसे, आणि लेखनिक जे ऐकू येईल ते लिही. शपथेच्या याद्यांवर मात्र ज्यांना लिहिता येत होते त्यांनी स्वतःच्या हाताने जर्मन लिपीत सह्या केल्या. इतरांनी खूण केली व त्यांचे नाव कारकुनाने लिहिले. म्हणजे कप्तानाची यादी व सही यांत विरोध असेल तर सहीचे वजन अधिक. पण सहीऐवजी खूण असेल तर दुसरी यादीही कारकुनाच्या कानावरच अवलंबून आहे. ही बारीक गोष्ट मूळ कागद पाहिल्यावाचून कळत नाही. रूप या संग्राहकाने १८५६ साली तीस हजार नावांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा जुन्या जर्मन लिपीतील ‘न’, ‘उ’ व ‘ए’ ही जवळजवळ सारखी दिसणारी अक्षरे वाचताना चुका राहिल्या. १९३४ साली श्ट्रासबुर्गर व हिंके यांनी मूळ याद्या पुन्हा तपासून छापल्या व सह्यांच्या प्रतिमाही दिल्या, तेव्हा त्यांतील पुष्कळ चुका उघडकीस आल्या. तोपर्यंत मात्र जुन्या पुस्तकातील नावे अनेक घराण्यांच्या वंशावळीत पक्की बसली होती.

तिसरा विरोध स्थळांचा. १८७१ पूर्वी जर्मनी हे एक राज्यच नव्हते. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, हानोव्हर, बाडेन, व्युर्टेम्बर्ग आणि हेसेच्या निरनिराळ्या शाखा अशी कित्येक राज्ये होती. १८६० च्या शिरगणतीत जो मनुष्य हानोव्हरमध्ये जन्मला, तोच १८८० मध्ये प्रशियात जन्मला असे लिहिलेले सापडते. यात खोटे काहीच नाही. १८६६ साली प्रशियाने हानोव्हर गिळंकृत केले होते. आल्सेसचा मनुष्य १८६० मध्ये फ्रेंच असतो, १८८० मध्ये जर्मन, आणि १९२० मध्ये पुन्हा फ्रेंच. त्याचे गाव मात्र जागचे हललेले नसते. सम्राज्ञी कॅथरीनच्या १७६३ च्या जाहीरनाम्यानंतर व्होल्गाच्या काठी वसलेल्या जर्मनांचे वंशज अमेरिकेत रशियन म्हणून नोंदले गेले. उलट, अठराव्या शतकातील इंग्रज अधिकारी पॅलेटिनेटशी ज्यांचा काही संबंध नाही अशा जर्मनांनाही सरसकट ‘पॅलेटाइन’ म्हणत. १६८३ साली ‘कॉन्कर्ड’ जहाजातून फिलाडेल्फियास आलेली क्रेफेल्डची तेरा कुटुंबे जर्मन वसाहतीचे आद्य प्रवर्तक मानली जातात. त्यांच्या आगमनाचा ६ ऑक्टोबर हा दिवस अमेरिकेत १९८७ पासून जर्मन-अमेरिकन दिन म्हणून घोषित होत आला. परंतु त्या वेळी क्रेफेल्ड ऑरेंजच्या राजकुळाच्या ताब्यात होते, आणि त्या कुटुंबांपैकी बहुतेकांची घरची भाषा डचला जवळची होती. शिवाय नव्या पंचांगाप्रमाणे तो दिवस १६ ऑक्टोबर ठरतो. ज्या नोंदीवर एका समाजाचा उत्सव उभा आहे, तिच्यातही स्थळाचा व तारखेचा प्रश्न असा दडलेला आहे.

चौथा विरोध हेतूंचा. येथे साक्षीदार चुकत नाही, तो जाणूनबुजून वेगळे सांगतो. लष्करी चाकरीच्या वयाचा तरुण जहाजावर आपले वय कमी सांगे. काम मिळावे म्हणून कोवळा मुलगा ते वाढवून सांगे. जर्मन खाटकाचा पुत्र योहान याकोब आस्टर हा हायडेलबर्गजवळील वाल्डोर्फ गावी १७६३ साली जन्मला व अमेरिकेत कोट्यधीश झाला. त्याच्या पणत्वाने, विल्यम वाल्डोर्फ आस्टरने, १८९९ साली स्वतःच्या मालकीच्या मासिकात आपल्या कुळाचा उगम स्पेनमधील एका सरदार घराण्यात दाखवला. वंशशास्त्राच्या अभ्यासकांनी त्या वंशावळीची शकले केली. पुढे १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली, आणि जर्मन नाव सांगणे संकटाचे झाले. आडनावे बदलली, जन्मस्थळेही बदलली. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रीडरिख ट्रम्प हे पॅलेटिनेटमधील काल्स्टाट गावाहून १८८५ साली अमेरिकेत गेले. तरी त्या कुटुंबात पुढे बरीच वर्षे स्वीडिश मूळ सांगितले जात असे, व १९८७ च्या पुस्तकातही तेच छापले गेले. घराण्याची तोंडी परंपरा ही कित्येकदा गौरवाची असते, कित्येकदा भीतीची. तिला खोटी म्हणून टाकून देण्यापेक्षा ती कोणत्या वर्षी व कशामुळे सुरू झाली हे शोधणे अधिक फलदायी ठरते.

हे सर्व तत्त्व एका कल्पित, परंतु अशा शोधात नेहमी भेटणाऱ्या प्रसंगाने स्पष्ट होईल. समजा, ओस्नाब्रुक भागातील योहान हाइनरिख नावाचा एक तरुण १८४५ साली ब्रेमेनहून निघाला व मिसूरी संस्थानात शेती करून १९०२ मध्ये मरण पावला. त्याच्या थडग्यावर जन्मवर्ष १८२३ कोरलेले आहे. घरच्या बायबलातही १८२३ आहे. मूळ गावच्या पाद्र्याने पाठवलेल्या उताऱ्यातही त्याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा १८२३ मध्ये झाल्याचे लिहिले आहे. याच्या उलट, १८५० च्या शिरगणतीत त्याचे वय २४ आहे. १९०० च्या शिरगणतीत, जी जन्माचा महिना व वर्षही विचारीत असे, नोव्हेंबर १८२५ असे आहे. आणि देशत्यागाच्या परवान्यात १८४५ साली वय १९ आहे. ब्रेमेनच्या जुन्या याद्या जागेअभावी काही वर्षांनी नष्ट केल्या जात व उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या, म्हणून ती साक्ष मिळण्याची आशा नाही.

बहुमताने पाहिले तर तीन विरुद्ध तीन. शिवाय १८२३ च्या बाजूस खुद्द चर्चची वही आहे, म्हणून निकाल तिकडेच झुकेल. आता उलटतपासणी करावी. बायबलाच्या मुखपृष्ठामागील छपाईचे वर्ष पाहिले तर ते १९०५ निघते, आणि सर्व तारखा एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलेल्या; म्हणजे त्या एका बैठकीत उतरवल्या. थडग्याचा दगड मुलांनी पुढे काही वर्षांनी, पाद्र्याचा उतारा आल्यावर बसवला. तेव्हा हे तीन कागद म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराचे बोलणे तिघांनी सांगितले एवढेच. उरलेले तीन कागद मात्र तीन निरनिराळ्या काळी, दोन देशांत, एकमेकांस न विचारता लिहिलेले आहेत, आणि तिन्ही नोव्हेंबर १८२५ शी जुळतात.

तरीही काम संपत नाही. कारण चर्चची वही खोटी नाही. ती तशी का बोलते हे सांगता आले पाहिजे. दफनाची वही उघडताच उलगडा होतो : १८२३ मध्ये जन्मलेले मूल १८२५ च्या वसंतात वारले होते. मेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलास ठेवण्याची त्या काळी सर्रास रीत होती. त्याप्रमाणे नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलालाही तेच नाव मिळाले. पाद्र्याला ही दुसरी नोंद सापडली नाही, कारण मधल्या काळात आईस माहेरची वाडी वारशाने मिळून सर्व कुटुंब त्या वाडीच्या नावाने वहीत नोंदले जाऊ लागले होते. पाद्र्याने शोधले ते बापाचे मूळ नाव. शेवटची साक्ष दृढीकरणाच्या वहीची : १८४० च्या ईस्टरला चौदा वर्षांचा हाइनरिख धर्मदीक्षेस बसला. मृत मूल दीक्षेस बसत नाही. अशा रीतीने दोन्ही पक्षांच्या कागदांचे म्हणणे समजले, आणि चूक कोठे शिरली तेही दाखवता आले. वॉशिंग्टन येथे १९६४ साली वंशशोधकांना प्रमाणपत्र देणारे मंडळ स्थापन झाले. त्याच्या कसोटीतही भरपूर शोध, मुळाचा निर्देश, तुलना आणि लेखी निष्कर्ष यांच्या बरोबरीने परस्परविरोधाचे निरसन ही स्वतंत्र अट आहे.

या प्रसंगात फरक दोन वर्षांचा होता, आईबाप तेच होते. परंतु लहान गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ एकाच वर्षी जन्मलेले असतात, आणि त्यांतील चुकीचा निवडला तर त्याच्या वरच्या सर्व पिढ्या परक्याच्या होतात. आज संगणकावर वंशावळी क्षणात उतरवून घेता येतात. त्यामुळे एक चूक शंभर ठिकाणी दिसू लागते, आणि शंभर ठिकाणी दिसते म्हणून खरी वाटते. रक्तपरीक्षेवरून दोन कुटुंबांचे नाते कळू शकते, पण कोणत्या गावातून कोण निघाला हे शेवटी कागदानेच सांगावे लागते.

कागदांच्या वाचनात सचोटी का हवी, याचे भयंकर उत्तर खुद्द जर्मनीच्या इतिहासात आहे. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने सरकारी नोकरांस आपले आजीआजोबा कोण हे सिद्ध करावे लागले, आणि १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी माणसाचे नागरिकत्व, विवाह व अखेरीस जीवितही आजीआजोबांच्या धर्माच्या नोंदीवर टांगले. ज्या वह्यांतून आज अमेरिकेतील नातू आपले गाव शोधतो, त्याच वह्यांतील उतारे त्या वर्षांत लक्षावधींनी काढले गेले. पाद्र्याने शंभर वर्षांपूर्वी सहज लिहिलेली एक ओळ कोणाला वाचवू शकली, कोणाला मृत्यूच्या छावणीकडे नेऊ शकली. तेथे प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच हवे होते. ज्या शोधाला आपला निकाल आधी ठाऊक असतो, तो कागद कितीही अस्सल असला तरी त्याचा अर्थ बिघडवतो.

यास्तव जर्मन पूर्वजांचा प्रामाणिक शोध घेणारा कधी कधी निकाल देतच नाही. दोन गावे, दोन बाप्तिस्मे, दोन्ही सारखेच संभाव्य, आणि निर्णायक वही युद्धात जळालेली असेल, तर तो दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहून ठेवतो व पुढच्या माणसास कोणते दप्तर पाहावयाचे राहिले आहे ते सांगतो. वंशावळीतील ती जागा रिकामी दिसते खरी; पण परक्याच्या नावाने भरलेल्या जागेपेक्षा ती रिकामी जागा त्या समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाशी अधिक इमान राखते.